खडी, गडी, घडी: कानावर पडलेल्या आवाजातून नेमका शब्द कसा निवडला जातो

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराचे बांधकाम चालू आहे. मला हा प्रश्न विचारणारा मुलगा ओट्यावर वडिलांना सांगतो, ‘खडी उद्या येणार आहे.’ वडील ७४ वर्षांचे असून दोन्ही कानांना यंत्र लावतात. ते विचारतात, ‘कोणता गडी?’ मुलगा आवाज चढवून तेच वाक्य पुन्हा सांगतो आणि वडील पुन्हा गड्याचेच विचारतात. यंत्र बिघडले आहे की वडील लक्ष देत नाहीत, हा प्रश्नाचा एक भाग आहे. एकमेकांशी इतके मिळतेजुळते शब्द आपल्याला एरवी बिनचूक कसे कळतात, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर आधी द्यावे लागेल, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

श्रवणतज्ज्ञ म्हणून गेली २६ वर्षे मी रोज अशा चुका ऐकतो आणि टिपून ठेवतो. ‘खडी’ ऐवजी कोणालाही कधी ‘छत्री’ ऐकू येत नाही. ऐकू येते ते ‘कडी’, ‘गडी’, ‘घडी’. चुकलेला शब्द मूळ शब्दाच्या आळीतलाच असतो आणि तो वाक्यात चपखल बसणाराही असतो. याचा अर्थ असा की तुमच्या वडिलांच्या मेंदूचे निवडीचे काम व्यवस्थित चालू आहे, मात्र ज्या आवाजावरून ही निवड करायची तो त्यांच्यापर्यंत अर्धवट पोहोचतो आहे. हे दुर्लक्ष नव्हे, एवढे आधी नक्की करू या.

बोललेला शब्द लिहिलेल्या शब्दासारखा सुट्या अक्षरांनी बनलेला नसतो. ‘कडी’ म्हणताना क चा स्फोट होतो न होतो तोच जीभ ड च्या तयारीला लागते आणि क नंतरचा अ त्या ड चा रंग घेऊनच बाहेर पडतो. शब्दाशब्दांमध्ये मोकळी जागाही नसते. ‘ती नदी’ आणि ‘तीन दिवे’ यांची सुरुवात घाईत बोलणाऱ्याच्या तोंडून ऐका. मधल्या निसटत्या अ खेरीज दोन्हींत फारसा फरक उरत नाही. तरीही ऐकणाऱ्याला एका वेळी नदी दिसते आणि दुसऱ्या वेळी दिवे दिसतात. आधी ध्वनी ओळखायचे, मग ते जोडून शब्द करायचा, मग अर्थ लावायचा, असा शाळेतल्या बाराखडीसारखा क्रम कानाला परवडण्याजोगा नाही. शब्द अजून संपलेलाही नसताना त्याची ओळख पटवण्याचे काम सुरू झालेले असते.

हे काम कसे चालते याचे पहिले ठसठशीत चित्र विल्यम मार्सलेन-विल्सन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शब्दाचा आरंभ कानी पडताच त्या आरंभाचे सगळे शब्द एकदम जागे होतात आणि पुढचा प्रत्येक ध्वनी त्यांतले काही बाद करत जातो. मराठीत करून पाहा. ‘कप’ एवढेच ऐकले की कप, कपडा, कपट, कपाट, कपाळ, कपात, कपार, कपाशी असा सगळा घोळका उभा राहतो. ‘कपा’ म्हटल्यावर कप, कपडा आणि कपट गळतात. ‘कपाश’ एवढे ऐकू आले की फक्त कपाशी उरते आणि शेवटचा ई कानावर पडायच्या आधीच शब्द ओळखला जातो. ‘कपाट’ आणि ‘कपाळ’ मात्र अगदी शेवटच्या व्यंजनापर्यंत खांद्याला खांदा लावून चालतात. फ्रान्स्वा ग्रोजाँ यांनी १९८० मध्ये हीच गोष्ट शब्दाचा थोडाथोडा वाढता तुकडा ऐकवून मोजली. वाक्याच्या संदर्भात नेहमीचा शब्द त्याच्या आरंभापासून साधारण २०० मिलिसेकंदांत, म्हणजे एक पंचमांश सेकंदात ओळखला जातो, असे या प्रकारच्या प्रयोगांतून दिसले. बहुतेक शब्द बोलून व्हायलाच याहून जास्त वेळ लागतो.

या चित्रात एक अडचण होती. शब्दाच्या आरंभावरच सगळी भिस्त ठेवली तर पहिलाच ध्वनी चुकीचा ऐकणाऱ्याला खरा शब्द कधीच सापडणार नाही. प्रत्यक्षात तो पुष्कळदा सापडतो. १९८६ मध्ये जेम्स मॅक्लेलंड आणि जेफ्री एल्मन यांनी ‘ट्रेस’ नावाचे संगणकी प्रारूप मांडले. त्यात शब्द एका फटक्यात बाद होत नाहीत. ऐकलेल्या आवाजाशी जो जितका जुळेल त्याला तितके बळ मिळते आणि बळ मिळालेले शब्द एकमेकांना मागे रेटतात. या रेटारेटीत जो पुरेसा पुढे निघतो तो आपल्याला ‘ऐकू येतो’.

ही रेटारेटी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येते. पॉल अलोपेना, जेम्स मॅग्नसन आणि मायकेल टॅननहाउस यांनी १९९८ मध्ये लोकांसमोर चार चित्रे ठेवली: बीकर, बीटल म्हणजे भुंगा, स्पीकर आणि कॅरेज म्हणजे बाबागाडी. मग ‘बीकर उचला’ असे सांगितले आणि त्या क्षणी माणसाची नजर कुठे जाते ते यंत्राने टिपले. ‘बी’ ऐकताच नजर बीकर आणि बीटल या दोन्हींकडे जवळजवळ सारखीच जात होती. शब्द पुढे सरकला तशी बीटलवरची नजर ओसरली, आणि नंतर थोडी, कमी प्रमाणात का होईना, स्पीकरकडेही वळली. स्पीकरचा आरंभ वेगळा आहे, फक्त शेवट जुळतो. म्हणजे ‘पाणी’ ऐकताना नुसते ‘पान’ आणि ‘पाय’ जागे होत नाहीत. ‘राणी’, ‘गाणी’, ‘नाणी’ आणि ‘वाणी’ हेही मागून डोकावतात. ऐकणाऱ्याला या डोकावण्याचा पत्ताही नसतो. त्याला विचारले तर तो ‘मी बीकरच ऐकले’ असेच सांगेल, आणि ते खरेही असते.

माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने या सगळ्यातले सर्वांत उपयोगी काम पॉल ल्यूस आणि डेव्हिड पिसोनी यांचे आहे. त्यांनी प्रत्येक शब्दाचे ‘शेजारी’ मोजले. एक ध्वनी बदलला, गाळला किंवा वाढवला की जो दुसरा खरा शब्द तयार होतो तो शेजारी. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की शब्द ओळखणे तीन गोष्टींवर ठरते: तो शब्द वापरात किती आहे, त्याला शेजारी किती आहेत आणि ते शेजारी स्वतः किती वापरातले आहेत. दाट वस्तीतला आणि कमी वापरातला शब्द उशिरा ओळखला जातो व जास्त चुकतो. विरळ वस्तीतला शब्द गोंगाटातूनही वर येतो. ‘सोयाबीन’ला जवळपास शेजारीच नाही. त्यातले दोन ध्वनी बुडाले तरी तो सोयाबीनच राहतो. ‘खडी’चा मात्र एक ध्वनी हलला तरी दुसरे घर लागते.

मराठीत ही वस्ती कशी दाटते ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. कडी, खडी, गडी, घडी. स्वर तेच, मधला ड तोच, जिभेची मागची बाजू टाळूला टेकते ती जागाही तीच. फरक फक्त दोन गोष्टींचा आहे: स्वरतंतू कधी कंप पावू लागतात आणि स्फोटानंतर हवेचा झोत येतो की नाही. लाय लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांतील स्पर्श व्यंजनांची मापे घेतली, तेव्हा त्यांच्या यादीत मराठीही होती. क मध्ये स्फोटानंतर लगेच कंप सुरू होतो. ख मध्ये स्फोटानंतर आधी हवेचा झोत जातो आणि कंप उशिरा, तरीही एक दशांश सेकंदाच्या आतच, सुरू होतो. ग मध्ये तो स्फोटाच्या आधीच सुरू असतो. आणि घ? त्यातही तो आधीच सुरू असतो. म्हणजे नुसत्या कंपाच्या वेळेवरून ग आणि घ वेगळे करता येत नाहीत, आणि हे त्या दोघांच्या मोजणीतच स्पष्ट झाले. घ ची ओळख स्फोटानंतरच्या स्वरात मिसळलेल्या श्वासाच्या धूसर आवाजात असते. इंग्रजी कानाला इथे दोनच कप्पे लागतात, आपल्याला चार. ताट, थाट आणि दाट, किंवा पळ, फळ आणि बळ यांतही हाच खेळ आहे.

त्यात मूर्धन्य आणि दंत्य यांची भर पडते. मन आणि मण, गाल आणि गाळ, वेल आणि वेळ, मूल आणि मूळ या जोड्यांत जिभेचे टोक थोडे पुढे किंवा मागे एवढाच फरक आहे. शिवाय ज्यासाठी आपल्या लिपीत वेगळे चिन्हच नाही, अशा फरकावरही आपण शब्द ओळखतो. ‘जरा थांब’ मधला दंततालव्य ज आणि वार्धक्य या अर्थाच्या ‘जरा’ मधला तालव्य ज कागदावर एकच दिसतात, पण मराठी कानाला ते दोन शब्द आहेत. हा कान जन्मतः सगळ्यांनाच असतो आणि पुढे घडत जातो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवले की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला मूर्धन्य ट आणि दंत्य त यांतला फरक कळतो, आणि वर्षाची होता होता तीच बाळे तो फरक करेनाशी होतात. आपण ज्या भाषेत वाढतो तिच्या शेजारांनुसार कान तयार होतो.

आता वाक्याकडे येऊ. आवाजाइतकेच वाक्यही शब्द निवडत असते आणि मराठीत त्यासाठी एक हुकमी साधन आहे, ते म्हणजे लिंग. कडी, खडी आणि घडी स्त्रीलिंगी आहेत, गडी पुल्लिंगी आहे. ‘ओली खडी’ म्हटले की ‘ओली’ या शब्दानेच गड्याला दाराबाहेर ठेवलेले असते. हे असे घडते याचा चांगला पुरावा फ्रेंचमध्ये आहे. डेल्फिन दाहान आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये नजरेचा वेध घेणारा तसाच प्रयोग केला. नामाआधी लिंग दाखवणारे उपपद आले तर वेगळ्या लिंगाचा, सारख्या आरंभाचा शब्द लोकांच्या नजरेत येतच नव्हता. लिंग न दाखवणारे अनेकवचनी उपपद वापरले की तो पुन्हा स्पर्धेत उतरत होता. तुमचे वाक्य पाहा: ‘खडी उद्या येणार आहे.’ नामाआधी विशेषण नाही, आणि ‘येणार’ हे रूप पुरुष, स्त्री, नपुंसक सर्वांना एकच. ‘खडी उद्या येईल’ म्हटले असते तरी तेच झाले असते. ‘खडी आली’ म्हटले असते तर निदान क्रियापदाने चूक सावरायला मदत केली असती. तुमच्या नकळत तुम्ही नेमके ते वाक्य निवडलेत ज्यात खडीला आणि गड्याला सारखीच जागा आहे.

अर्थाचे बळ किती असते याचे दोन जुने दाखले आहेत. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका वाक्यातला एक ध्वनी पूर्ण कापून त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला. जवळजवळ सर्वांनी सांगितले की शब्द पूर्ण ऐकू आला, मागे कोणीतरी खोकले. विल्यम गॅनॉन्ग यांनी १९८० मध्ये ट आणि ड यांच्या मधला, धड ना हा धड ना तो असा आवाज तयार केला. पुढे ‘ॲश’ जोडला की लोकांना तो ड ऐकू आला, कारण इंग्रजीत ‘डॅश’ हा शब्द आहे. पुढे ‘आस्क’ जोडला की तोच आवाज ट झाला, कारण ‘टास्क’ हा शब्द आहे. शब्दाचे ज्ञान खाली उतरून ध्वनीच बदलते की फक्त निर्णयाच्या वेळी पारडे झुकवते, यावर संशोधकांत दीर्घकाळ वाद आहे. दवाखान्यात बसणाऱ्याला त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबावे लागत नाही. जिथे आवाज संदिग्ध असतो तिथे अर्थ निकाल देतो, एवढे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

मग कोणता आवाज संदिग्ध होतो? जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया नाइसली यांनी १९५५ मध्ये इंग्रजीतली १६ व्यंजने खरखरीच्या गोंगाटात ऐकवून कोणते व्यंजन कशाशी मिसळते याची कोष्टके केली. गोंगाट बोलण्याहून १२ डेसिबलने मोठा असला तरी घोष-अघोष (स्वरतंतू कंप पावतात की नाही) आणि अनुनासिक हे भेद टिकून राहिले. उच्चारस्थानाचा भेद, म्हणजे प, त, क यांतला फरक, मात्र बोलणे गोंगाटाहून ६ डेसिबलने वर असतानाच डळमळू लागला. हे कोष्टक मराठीला जसेच्या तसे लावू नये असे माझे मत आहे. इंग्रजी शब्दाच्या आरंभीच्या प आणि ब मध्ये हवेच्या झोताचा आधार असतो. आपल्या क आणि ग मध्ये तो नसतो, तिथे भरवसा फक्त स्फोटाआधीच्या घोषावर. हा घोष म्हणजे खालच्या पट्टीतली बारीकशी घुमणी असते, आणि छताचा पंखा, मिक्सर किंवा पाण्याची मोटर यांची घरघर नेमकी त्याच पट्टीत असते.

वयोमानाने येणारा बहिरेपणा उलट बाजूने सुरू होतो. वरच्या पट्टीतले, ३००० ते ४००० हर्ट्झच्या पुढचे आवाज आधी जातात. स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, म्हणून बोलण्याचा आवाज येतो. स, श, फ यांची सळसळ आणि ख, थ, ठ यांच्यातला हवेचा झोत मात्र वरच्या पट्टीत आणि क्षीण असतो, तो जातो. ‘आवाज येतो पण शब्द लागत नाही’ हे माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांचे ठरलेले वाक्य म्हणूनच शब्दशः खरे असते.

आता तुमच्या ओट्यावर काय घडले असावे ते जुळवू या. तुम्ही ‘खडी’ म्हणालात. हवेचा झोत वडिलांपर्यंत पोहोचला नाही, म्हणून ख चा क झाला. क म्हणजे ‘कडी’. पंखा किंवा मिक्सर चालू असेल तर त्या क च्या आधी घोष होता की नव्हता, हेही कळायला मार्ग उरला नाही. म्हणजे ‘गडी’ही शर्यतीत आला. ‘कडी उद्या येणार आहे’ या वाक्याला बांधकामाच्या घरात फारसा अर्थ नाही. गडी उद्या येणार, याला पुरेपूर अर्थ आहे. आवाजाने दोन-तीन उमेदवार दिले आणि वाक्याने त्यांतला सर्वांत समंजस निवडला. त्यांच्या जागी तुम्ही असता आणि तुम्हाला तेवढाच आवाज मिळाला असता, तर तुम्हीही गडीच ऐकला असता.

आवाज चढवल्याने हे का सुटत नाही, तेही यातून दिसते. ओरडताना स्वर मोठे होतात, व्यंजने त्या प्रमाणात मोठी होत नाहीत. जो झोत हरवला आहे तो हरवलेलाच राहतो, आणि तोच शब्द पुन्हा उच्चारला की तेच शेजारी पुन्हा गोळा होतात.

चेहरा दिसण्याने किती फरक पडतो हे विल्यम संबी आणि आयर्विन पोलॅक यांनी १९५४ मध्येच मोजले होते. गोंगाट जितका अधिक तितका डोळ्यांचा हातभार मोठा. यात एक सुंदर जुळणी आहे. गोंगाटात सर्वांत आधी जाते ते उच्चारस्थान, आणि ओठांवर दिसते तेही उच्चारस्थानच. प, ब, भ आणि म ओठांवर सारखे दिसतात, पण त्यांतला म कानाला सहज वेगळा कळतो. कानाचे उणे डोळा भरतो आणि डोळ्याचे कान. मात्र मराठीत ही जुळणी पूर्ण होत नाही, हे मी नेहमी घरच्यांना सांगतो. क, ख, ग, घ तोंडाच्या मागच्या भागात होतात. ल आणि ळ, न आणि ण यांतला फरक दातांच्या आड राहतो. म्हणून समोर बसून बोलणे आवश्यक आहे, पण खडी आणि गडी यांचा निवाडा ओठ करू शकणार नाहीत. तिथे शब्दांचीच मदत लागेल.

वयाचा आणखी एक भाग आहे, तो कानाचा नव्हे. मिचेल समर्स यांनी १९९६ मध्ये दाखवले की दाट शेजारातले शब्द ओळखताना ज्येष्ठ मंडळी तरुणांच्या जितकी मागे पडतात तितकी सोप्या शब्दांत पडत नाहीत. रेटारेटीतल्या हरणाऱ्या शब्दांना मागे सारणे हे कष्टाचे काम आहे आणि ते वयाबरोबर जड होत जाते. संध्याकाळी घरातली सगळी माणसे एकदम बोलू लागली की आजोबा उठून आत जातात. तो रुसवा नसतो, दिवसभराच्या निवडानिवडीचा थकवा असतो.

दिलासा देणारी बाब अशी की शब्द ओळखण्याची ही घडी बसलेली असली तरी आयुष्यभर लवचीक राहते. पुण्याचा माणूस अकोल्यात गेला की पहिल्या दिवशी ‘पोयी’ आणि ‘केयी’ ऐकून अडखळतो. दोन दिवसांत त्याच्या कानाने ळ च्या जागी य स्वीकारलेला असतो आणि पोळी, केळी आपोआप कळू लागतात. डेनिस नॉरिस, जेम्स मॅक्वीन आणि अ‍ॅन कटलर यांनी २००३ मध्ये डच भाषेत हे प्रयोगाने दाखवले. फ आणि स यांच्या मधला आवाज असलेले सुमारे २० शब्द ऐकल्यावरच ऐकणाऱ्यांची त्या दोन ध्वनींमधली सीमारेषा सरकली. सरकली ती मात्र तो आवाज खऱ्या शब्दांत ऐकलेल्यांचीच. अर्थहीन शब्दांत ऐकलेल्यांची नाही. श्रवणयंत्रातून येणारा आवाज हीदेखील एक नवी बोलीच असते. म्हणून मी ते सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत लावायला सांगतो, आणि पहिले काही आठवडे घरातल्या एखाद्याने ओळखीचा मजकूर, वर्तमानपत्र किंवा रोजची पोथी, समोर बसून मोठ्याने वाचावी असा आग्रह धरतो. लग्नकार्यापुरते कानात घालून एरवी डबीत ठेवलेल्या यंत्राशी कानाची ओळखच होत नाही.

तपासणीविषयी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. साताऱ्याकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले होते. आधीच्या एका ठिकाणी त्यांची शब्द ओळखण्याची चाचणी हिंदी यादीवर झाली होती, गुण फार कमी आले होते आणि ‘यंत्राचा उपयोग होणार नाही’ असे घरच्यांना सांगितले गेले होते. मी त्यांना मराठी शब्द ऐकवले, त्यांनी जे म्हटले ते शब्दशः लिहून घेतले, आणि चित्र बदलले. जो शब्द माणसाच्या कोशातच नाही तो स्पर्धेत उतरूच शकत नाही. मग त्याच्या जागी जवळचा ओळखीचा शब्द जिंकतो आणि आपण ती कानाची चूक समजतो. चाचणी माणसाच्या मायबोलीतच झाली पाहिजे. आणखी असे की, २५ शब्दांच्या यादीत एक शब्द म्हणजे ४ टक्के. दोन-तीन शब्दांच्या फरकावरून ‘ऐकणे सुधारले’ किंवा ‘बिघडले’ म्हणणे घाईचे होते. गुणांपेक्षा कोणत्या शब्दाच्या जागी कोणता शब्द आला, यात मला कितीतरी अधिक सापडते. मात्र ऐकू येणे अचानक कमी झाले, फक्त एका कानात फरक पडला, किंवा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) बरा असूनही एका कानाने शब्द अजिबात कळत नसतील, तर यंत्राच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांची गाठ घ्यावी, आणि अचानक घडले असेल तर त्याच दिवशी.

तुम्ही घरी काय करावे? पंखा किंवा मिक्सर बंद करून, किंवा वडिलांना त्यापासून दूर नेऊन, हातभर अंतरावर समोर बसा. ‘बाबा’ म्हणून आधी लक्ष वेधा आणि मग विषय सांगा: ‘बांधकामाचं सांगतोय.’ हे तीन-चार शब्द वाया जात नाहीत. पुढच्या वाक्यातले कोणते शब्द आधीच पुढे सरकून बसतील ते याच शब्दांनी ठरते. कळले नाही तर तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणू नका, शब्द बदला. ‘खडीचा ट्रक उद्या येणार आहे’, ‘स्लॅबसाठी लागणारी खडी उद्या येणार आहे’. ट्रक आणि स्लॅब या शब्दांना शेजारी कमी आहेत आणि ते गड्याला वाक्यात राहू देत नाहीत. दुसऱ्या वाक्यात ‘लागणारी’ हे स्त्रीलिंगी रूपही मदतीला येते. आकडे, तारखा, औषधांची नावे यांना संदर्भाचा आधार सर्वांत कमी असतो, ती पाटीवर किंवा कागदावर लिहूनच द्यावीत.

एक वही ठेवा. डाव्या बाजूला काय म्हटले, उजव्या बाजूला काय ऐकले गेले, आणि जवळ कोणता आवाज चालू होता, एवढेच लिहा. काही महिन्यांपूर्वी एका सूनबाईंनी सासऱ्यांसाठी ठेवलेली अशी वही आणली होती. तिच्यात धार आणि दार, फळ आणि पळ, थाट आणि ताट अशा जोड्यांची रांग होती. ल-ळ किंवा न-ण यांची चूक जवळपास नव्हती. महाप्राणाचा, म्हणजे ध, फ, थ यांतल्या हवेचा, झोत तेवढा पोहोचत नव्हता हे अर्ध्या मिनिटात कळले. यंत्रातली ३००० ते ४००० हर्ट्झची पट्टी आम्ही थोडी वर घेतली आणि कानात बसणारा साचा नीट घट्ट केला. तुमच्या वहीतली पहिली ओळ तयारच आहे. पुढच्या तपासणीला जाताना ती वही आणि वडील, दोघांनाही बरोबर न्या, आणि त्या दिवशी ओट्यावर पंखा चालू होता की नाही तेही आठवून लिहा.